पोर्ट्रेटमध्ये रिफ्लेक्शन हवंय? आधी मोबाईल काढा

महागडे प्रिझम (लेन्ससमोर धरायचे काचेचे तुकडे) वगैरे नंतर बघू, आधी मोबाईलची स्क्रीन बंद करा, नीट पुसा (बोटांचे डाग फोटोत धुक्यासारखे दिसतात) आणि तो आडवा धरून कॅमेऱ्याच्या लेन्सच्या अगदी खालच्या कडेला टेकवा, मग फ्रेमच्या खालच्या भागात चेहऱ्याचं उलटं प्रतिबिंब येतं, पाण्याकाठी काढल्यासारखं. काळी काच एरवी फार कमी प्रकाश परत पाठवते पण तिच्याकडे खूप तिरकं बघितलं की जवळजवळ आरशासारखी वागते, म्हणून कॅमेरा जितका काचेला लागून तितकं रिफ्लेक्शन दाट. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/२ च्या आसपास, म्हणजे मोठं ठेवलं तर मोबाईलची कड विरघळून जाते, एफ/८ ला, म्हणजे छिद्र लहान असताना, ती रेघ सरळ दिसते, मला तरी ती खटकते.

आरसा वापरणार असाल तर एक गोष्ट डोक्यात ठेवा, फोकस आरशाच्या काचेवर नाही करायचा. कॅमेऱ्यापासून आरसा १ मीटर आणि आरशापासून चेहरा दीड मीटर असेल तर फोकस अडीच मीटरवर हवा, ऑटोफोकस बरेचदा आरशाच्या चौकटीवर नाहीतर काचेवरच्या धुळीवर अडकतो, तेव्हा सरळ मॅन्युअल करून प्रतिबिंबातल्या डोळ्यावर लावा.

आणि हो, खिडकीच्या काचेतून काढताना पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिरता फिल्टर) फिरवून रिफ्लेक्शन कमीजास्त करता येतं, स्टीलच्या ताटावर किंवा पितळेच्या परातीवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, तिथे ताटच थोडं तिरकं करून बघा.