काडतुसं वेगळी, किल्लीही वेगळी

परवान्याचं पिस्तूल घरी असेल तर मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) रिकामं करून, चेंबर (नळीमागची गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी पाहूनच कुलपात ठेवा. काडतुसं दुसऱ्या लोखंडी पेटीत, दुसऱ्या कुलपात. किल्ली देवघराच्या खुंटीला मुळीच नको, पोरांना ती आधी सापडते.

पुण्याचा पावसाळा विसरू नका. वडिलांनी चामडी पट्ट्यात ठेवलेली काडतुसं एका श्रावणात पार कळकली, पितळेवर हिरवा थर चढला. चामडं ओल धरतं. मूळ खोक्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या बदलत राहा. कळकलेलं काडतूस घासून वापरायचं नाही, ते परवानाधारक विक्रेत्याला दाखवा.

परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही काडतूस जास्त नको. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तो गुन्हा आहे. निवडणुकीत पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायला सांगितलं, तर पावती घ्याच.