क्रेनियल नर्व्हची केस: पिशवीत काय, तोंडात काय

मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या) लागल्या की आमच्या मिरजेतली पोरं बाराच्या बारा नावं घडाघडा म्हणतात आणि पेशंटसमोर गप्प होतात. म्हणून पिशवी आदल्या रात्रीच भरा आणि उरलेला वेळ वाक्यांना द्या.

पिशवीत टॉर्च, कापूस, टंग डिप्रेसर, लाल टोपीची टाचणी, स्नेलन चार्ट (नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता). ट्यूनिंग फोर्क ५१२ हर्ट्झचा; १२८ चा हाडावरच्या कंपनासाठी असतो, रिने-वेबर या ऐकण्याच्या चाचण्यांना नाही. मी नेमका तोच नेला होता. वासासाठी कॉफी आणि लवंग वेगवेगळ्या डब्यांत. सांगलीत आहोत म्हणून हळद आणू नका, सांडली की ॲप्रन गेला. अमोनिया नकोच: तो झोंबतो, म्हणजे वासाच्या पहिलीऐवजी चेहऱ्याच्या संवेदनेची पाचवी नर्व्ह उत्तर देते. एकेक नाकपुडी बंद करून, डोळे मिटवून विचारा. जतकडच्या एका आजींना कॉफी ओळखता आली नाही, कधी प्यायल्याच नव्हत्या. ‘कायतरी वास येतोय बघ’ म्हणाल्या, तेवढं पुरतं.

आता वाक्यं. ‘मान न हलवता बोटाकडं बघा’ म्हणताना हनुवटी धरा, नाहीतर मान फिरतेच. ‘एकाचे दोन दिसतात का?’ हे विचाराच. जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात म्हणाले, तर डोळा हलवणारी चौथी नर्व्ह आठवा.

सातवीला, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नर्व्हला, सगळ्यात जास्त सराव हवा. ‘आठ्या घाला’ म्हटलं तर लोक नुसते बघत राहतात; ‘मान तशीच ठेवून आढ्याकडं बघा’ म्हणा. ‘साबण गेल्यासारखे डोळे घट्ट मिटा.’ ‘दात दाखवा’ म्हटल्यावर त्याच आजी म्हणाल्या, ‘दात कुठं हायत?’ तेव्हा ‘ई’ म्हणायला लावा. दोष मेंदूत असो की नर्व्हमध्ये, नातेवाईक दोन्हीला ‘वारं गेलं’च म्हणतात, पण तोंड वाकडं असून कपाळावर दोन्हीकडं आठ्या पडत असतील तर दोष वर मेंदूत शोधा, अर्धं कपाळ सपाट राहिलं तर नर्व्हच गेलीय, बहुधा बेल्स पाल्सी (सातवी नर्व्ह अचानक कमजोर पडून अर्धा चेहरा लुळा होणं). कानात फोड आहेत का, तेही बघा.

घशाच्या नववी-दहावीला ‘आ’ म्हणायला लावा. पडजीभ चांगल्या बाजूला ओढली जाते, बाहेर काढलेली जीभ (ती बारावीची) मात्र कमजोर बाजूला वळते. इथं हमखास उलटं बोललं जातं. आजी-मावश्या जीभ काढायला लाजतात, आधी स्वतःची काढा. मानेच्या अकरावीला मान उजवीकडं वळवली की डावा स्नायू तपासला जातो.

कॉर्नियाला (डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला) लावायचा कापूस सगळ्यात शेवटी. आधीच लावलात तर पेशंट पुढं टॉर्चसुद्धा डोळ्याजवळ येऊ देत नाही.