शाळेत कुस्तीला पोरं टिकत नाहीत? मग या चुका टाळा

जूनमधे शाळा सुरू झाली की नोटीस फिरते, कुस्तीसाठी नावं द्या, आणि पहिल्या दिवशी मैदानावर वीस-बावीस पोरं उभी असतात. गणपतीपर्यंत नऊ उरतात. दिवाळीची सुट्टी संपली की चार, आणि त्यातलाही एक घरून ढकलतात म्हणून येणारा. गावाकडच्या छोट्या हायस्कूलला खेळाचा तास घेणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. मी अशाच शाळेत आहे, पट दीडशेच्या आसपास, क्रीडाशिक्षक मीच आणि भूगोलही माझ्याकडेच. पहिली काही वर्षं मी पण सगळे म्हणतात तेच म्हणायचो, की आजकालच्या पोरांना मोबाईल पाहिजे, अंगमेहनत नको. मग एका वर्षी सोडून गेलेल्यांना एकेकाला गाठून सरळ विचारलं का रे बाबा सोडलंस. मोबाईलचं अर्थातच कुणी बोललं नाही (कोण बोलेल!), पण आठवीतलं एक बारकं पोरगं म्हणालं, "सर, माझ्या वजनाचं कुणीच नाही. रोज तोच मला पाडतो."

तिथंच मला कळलं की आपलं चुकतंय. कुस्तीला जोड लागते. जत्रेच्या मैदानात सुद्धा पंच मंडळी आधी जोड बघतात, उंची बघतात, खांदे बघतात आणि मगच हातात हात देतात, आणि आपण शाळेत काय करतो, तर पस्तीस किलोचं पोरगं पन्नास किलोच्या समोर उभं करतो आणि म्हणतो लढ. मोठ्या शाळेत हे आपोआप निभावतं कारण पोरं भरपूर असतात. छोट्या शाळेत जोड मुद्दाम शोधावी लागते, आणि खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या निम्म्या याच एका गोष्टीतून निघतात.

पहिल्याच दिवशी कुस्ती लावून देणं

ही माझी स्वतःची चूक आहे आणि मी ती बरीच वर्षं केली. नवीन पोरं आली की उत्साहाच्या भरात त्यांची तालमीत जाणाऱ्या पोरांशी कुस्ती लावायची, म्हणजे 'कुणात दम आहे ते कळतं'. कळायचं काहीच नाही. तालमीतलं पोरगं पट काढायचं, म्हणजे पाय धरून पाडायचं, नवीन पोरगं सरळ पाठीवर, भोवती उभी असलेली पोरं हसायची, मुली खिडकीतून बघत असायच्या. एकदा एकाच्या शाळेच्या शर्टाची तीन बटणं तुटली. तो पडल्याचं रडला नाही, पण मातीत बटणं शोधताना रडायला लागला, कारण शर्ट नवीन होता आणि घरी काय सांगायचं. तो परत आला नाही, आणि त्याच्याबरोबर घरी जाणारे दोघंही आले नाहीत.

आमच्या गावात एक म्हातारे वस्ताद आहेत, आता तालीम ओस पडलीय पण ते संध्याकाळी तिथंच बसतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "गुरुजी, आदी पडायला शिकवा की पोरास्नी, पाडायचं मागनं बघू." आता मी पहिले पंधरा दिवस एकही डाव शिकवत नाही. हनुवटी छातीला लावून पडणं, हात मागे न टेकता पडणं, कोलांटी, आणि बाकी सगळे खेळ. कोंबडझुंज घेतो, गुडघ्यावर बसून एकमेकांचा घोटा पकडायचा खेळ घेतो, आणि चुन्याचं रिंगण आखून एकमेकांना बाहेर ढकलायला लावतो. हा शेवटचा पोरांना सगळ्यात आवडतो आणि तो नुसता खेळ पण नाही, मॅटवरच्या फ्रीस्टाईलमधे समोरच्याला रिंगणाबाहेर काढलं की खराच १ गुण मिळतो. पंधरा दिवसांनी एकेरी पट शिकवायला घेतला की पोरांच्या अंगातली पडायची भीती गेलेली असते.

कपड्यांचं पण बघा. लंगोट किंवा तो अंगाला चिकटणारा कॉस्च्युम पहिल्या दिवसापासून पाहिजेच असा हट्ट धरला की बारीक पोरं आणि जाड पोरं दोघंही लाजून घरी बसतात. सरावाला जुना टीशर्ट आणि बिनचेनची, बिनखिशाची पँट चालते. कॉस्च्युम शाळेने चार-पाच घेऊन ठेवावेत, स्पर्धेपुरते.

पैलवान म्हणजे दांडगाच, असं समजणं

वर्गात जाऊन आपण कुणाला हाक मारतो? मागच्या बाकावरच्या आडदांड दोघांना. आणि ते दोघं आधीच कबड्डीत असतात. छोट्या शाळेत सगळे खेळ तीच बारा पोरं खेळतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सगळ्या तालुका स्पर्धा एकावर एक येतात, मग ओढाताण होते आणि कुस्तीच मागं पडते कारण कबड्डीला टीम पुरी लागते.

पण जरा आठवा, खाशाबा जाधव किती किलोत लढले? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला बँटमवेट, म्हणजे ५७ किलो. कराडजवळचं गोळेश्वर हे गाव, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमधे, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांचं. त्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं. पाटोद्याचा राहुल आवारे, त्याने २०१८ ला राष्ट्रकुलचं सोनं ५७ किलोत घेतलं आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य ६१ किलोत. दोघंही रस्त्यात भेटले असते तर कुणाला पैलवान वाटले नसते. ही उदाहरणं मी वर्गात सांगतो आणि मग पुढच्या बाकावरच्या पोरांकडे बघतो.

कारण हिशोब सोपा आहे. आंतरराष्ट्रीय नियमात सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फ्रीस्टाईलला १० वजनगट आहेत, ४५ पासून ११० किलोपर्यंत, आणि मुलींना ४० ते ७३ किलो असे १०. म्हणजे बारक्याला जागा आहे, जाड्याला पण आहे. तालुक्याला जाऊन बघा, मधल्या गटात झुंबड असते आणि अगदी हलक्या नि अगदी जड गटात कधीकधी दोन-तीनच पोरं. कबड्डीत ज्याला कुणी घेत नाही, धावण्यात जो शेवटी येतो, तो नव्वद किलोचा दहावीतला मुलगा कुस्तीत शाळेचा भरवशाचा माणूस होऊ शकतो. आमच्याकडचा असा एक मुलगा पहिल्याच वर्षी दोन कुस्त्या करून जिल्ह्याला गेला, त्याला तोपर्यंत शाळेने कशातच घेतलं नव्हतं.

वजन घ्यायला आमच्याकडे पोषण आहाराच्या तांदळाचा काटा आहे, कोठीतच असतो. तिथं एकेकाला आत बोलवून वजन घ्या आणि स्वतःच्या वहीत लिहा. मी एकदा वर्गात मोठ्याने वाचून दाखवली होती. त्या दिवशी चौघांना टोपणनावं मिळाली ती अजून चालू आहेत, आणि त्यातली एक मुलगी होती.

जोड नसेल तर नाही, असं म्हणून गप्प बसणं

वहीत वजनं लिहिल्यावर चित्र स्पष्ट होतं, की आपल्याकडे ३८ किलोचा एकच आहे, ६५ ला एकच आहे. आता या दोघांनी वर्षभर कुणाशी सराव करायचा? आमच्या दोन्ही बाजूला पाच-सहा किलोमीटरवर एकेक शाळा आहे, त्यांचीही हीच रड. मग तिन्ही शाळांच्या सरांनी फोनवर वजनं जुळवली आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की एका ठिकाणी जमायचं ठरवलं, आज तुमच्याकडे, पुढच्या वेळी आमच्याकडे. कुणी म्हणेल तालुक्याला तेच आपल्या विरोधात लढणार, त्यांना कशाला तयार करायचं. करायचं, कारण नाहीतर आपलं पोरगं थेट तालुक्यालाच पहिल्यांदा आपल्या वजनाच्या माणसाला हात लावतं.

आणि तिथं काय होतं माहितीये? मॅटवर फ्रीस्टाईलमधे १० गुणांचा फरक पडला की कुस्ती संपते. सरावलेल्या पोरासमोर नवीन पोरगं मिनिटभर पण टिकत नाही. पहाटे पाचला उठून, जीपमधे कोंबून, दिवसभर उपाशी बसून, चाळीस सेकंदांची कुस्ती आणि परत. दुसऱ्या वर्षी ते नाव देत नाही. म्हणून तालुक्याच्या आधी प्रत्येक नवीन पोराच्या किमान सात-आठ कुस्त्या बरोबरीच्या जोडीशी झालेल्या असाव्यात असा मी नियम केलाय. शनिवारी आम्ही नारळावरच्या कुस्त्या लावतो, जिंकला त्याला नारळ, आणि हरला त्यालाही खोबरं मिळतंच कारण नारळ तिथंच फुटतो.

अजून एक, मातीतून आलेल्या पोरांचा मॅटवर घोटाळा होतो. मातीत पाठ लागेपर्यंत हार नाही, त्यामुळे पोरगं निवांत पोटावर पडून राहतं. मॅटवर समोरचा आपल्या पाठीमागे गेला आणि ताबा मिळवला की २ गुण गेलेले असतात, वर त्याने एकचाक नाहीतर भारंदाजसारखा डाव मारून पाठ वळवली की आणखी २. पोरगं उठून बघतं तर सामना संपलेला, आणि त्याला कळतच नाही आपण हरलो कधी, पाठ तर लागलीच नव्हती! गुण कसे पडतात हे आधी फळ्यावर काढून सांगा. वस्तादांना पण सांगा, राग येऊ न देता.

वस्तादांचा विषय निघालाच आहे तर, त्यांना टाळू नका आणि सगळं त्यांच्यावर सोडूनही मोकळे होऊ नका. ढाक, कलाजंग, घिस्सा या डावांतलं त्यांना जे कळतं ते मला सात जन्मात कळणार नाही. पण चारशे बैठका मारल्याशिवाय पोराला हात लावणार नाही ही जुनी शिस्त शाळेत चालवली तर आठवड्यात मैदान मोकळं होतं.

वजन उतरवायला लावणं

यावर मी जरा कडक बोलणार आहे. गटात बसावं म्हणून पोराला दोन दिवस पाणी तोडणं, प्लास्टिकचं जॅकेट घालून पळवणं, थुंकायला लावणं, हे प्रकार शालेय स्पर्धेला होतात, मी डोळ्यांनी बघितलेत. अमेरिकेत १९९७ साली महिना-दीड महिन्यात तीन कॉलेजचे पैलवान अशाच वजन उतरवण्यात गेले, त्यानंतर तिथं नियम बदलले. २०२४ ला पॅरिसमधे विनेश फोगाट फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमने बाद झाली तेव्हा सगळा देश हळहळला, पण तिच्याबरोबर निदान डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते. आपल्याबरोबर असतो एक शिक्षक आणि बिस्किटचा पुडा. वाढत्या वयाच्या पोराने सरळ वरच्या गटात लढावं, हरलं तर हरलं. आईला एकदा कळलं की सरांनी पोराला उपाशी ठेवलं, तर ती धाकट्यालाही पाठवत नाही, आणि का पाठवावं?

खुराकाचं याच्या उलट. 'बदाम, तूप, थंडाई आम्हाला कुठं परवडते सर' म्हणून पालक आधीच हात वर करतात. तेरा-चौदा वर्षांच्या शाळकरी पोराला भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी, एवढं वेळेवर मिळालं तरी भागतं. हे पालकसभेत स्पष्ट सांगा. पावडरचे डबे विकणाऱ्यांना गेटच्या आत येऊ देऊ नका.

मुलींना 'नंतर बघू' म्हणणं

दीडशेच्या पटात मुली निम्म्या. त्यांना सोडलं तर आपण अर्धी शाळा सोडली. २०१६ ला साक्षी मलिकने रिओत पदक आणलं, २०२३ ला सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती गदा घेतली, त्यामुळे आता 'मुलींची कुस्ती असते का' हे कुणी विचारत नाही. विचारतात ते वेगळं असतं, की सोबत बाई कोण असणार, घरी यायला अंधार होणार का, आणि कान मोडला तर पुढं लग्नाचं काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शाळेने द्यायची असतात. आमच्या हिंदीच्या बाई नुसत्या खुर्ची टाकून वह्या तपासत बसायच्या, तेवढ्यावर सहा मुली आल्या. एकट्या मुलीला मात्र घेऊ नका, दोघी तरी आणा, परत तेच, जोड. कानासाठी कानपट्टी मिळते, सरावात घालायला लावा.

बारीकसारीक पण महागात पडणारं

गजकर्ण. एका पावसाळ्यात आमच्याकडे तिघांना झालं आणि गावात बोभाटा झाला की कुस्तीने रोग होतो. जुन्या फोमच्या गाद्या शेजारी शेजारी टाकून वर ताडपत्री ताणून आम्ही एका रिकाम्या वर्गात मॅट केलीय, ती आम्ही कधी पुसतच नव्हतो. आता रोज जंतुनाशकाच्या पाण्याने पुसतो, बाहेरची चप्पल त्यावर नाही, टॉवेल ज्याचा त्याचा, नखं कापलेली, आणि घरी गेल्यावर आधी आंघोळ. अंगावर गोल चट्टा दिसला की डॉक्टरला दाखवून बरा होईपर्यंत सुट्टी, पण त्याला वहीत गुण लिहायला बसवतो म्हणजे तो तुटत नाही. ताडपत्री सैल ठेवू नका, दोन गाद्यांच्या फटीत अंगठा अडकतो.

दहावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, हे पालकांना जरूर सांगा पण पहिल्याच वाक्यात नको. त्या आशेवर आलेला पालक एक वर्ष वाट बघतो आणि पोराला क्लासला घालतो.

आणि कागदं. गेल्या वर्षी आमचा सगळ्यात तयार मुलगा वजनाला उभा राहिला आणि आधारवर जन्मसाल एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. दोन तास भांडलो, उपयोग शून्य, पोरगं कॉस्च्युम घालून कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या कुस्त्या बघत होतं. चूक माझी होती, मी झेरॉक्स आदल्या रात्री गोळा केल्या होत्या. आता नाव दिलं त्याच आठवड्यात, जूनमधेच, आधार आणि रजिस्टर समोरासमोर ठेवून बघतो, कारण दुरुस्तीला घातलेलं आधार परत यायला किती दिवस लागतील ते कुणीच सांगत नाही.