रँडम फंक्शनची चाचणी घेण्याआधी

नेमकं काय तपासायचं आहे, ते आधी लिहून काढा: लायब्ररीतला जनरेटर (रँडम आकडे देणारा तयार कोड), की त्याच्या आकड्यावरून तुमच्या कोडने टाकलेला फासा? खोट बहुधा या दुसऱ्या टप्प्यात असते, म्हणून वापरणाऱ्याच्या हाती पडणारा शेवटचा आकडाच तपासा.

कोडमध्ये भागाकाराची बाकी कुठे घेतली आहे, तेही शोधा. ० ते ३२,७६७ देणाऱ्या फंक्शनला २०,००० ने भागून बाकी घेतली, तर ० ते १२,७६७ हे आकडे दोन वाटांनी येतात, पुढचे एकाच. सोडतीत तेवढ्या कुपनांना दुप्पट संधी! हे चाचणीआधीच दुरुस्त करा: २०,००० किंवा त्याहून मोठा आकडा आला, तर तो टाकून नवा मागा.

सीड, म्हणजे जनरेटर ज्या आकड्यापासून सुरुवात करतो तो, लॉगमध्ये नोंदवा, नाहीतर फसलेला निकाल पुन्हा काढता येणार नाही.

आता काय-स्क्वेअर, म्हणजे आलेले आकडे अपेक्षेपासून किती दूर आहेत हे मोजणारी चाचणी. फासा ६,००० वेळा टाकला तर प्रत्येक बाजू साधारण १,००० वेळा यावी. प्रत्येक बाजूच्या फरकाचा वर्ग करून १,००० ने भागा आणि सहाही उत्तरांची बेरीज करा. ५ टक्के पातळीवर या बेरजेची मर्यादा ११.०७; त्याहून जास्त आली तर चाचणी नापास. पण निर्दोष फासाही सरासरी वीसातून एकदा ती ओलांडतो, त्यामुळे रोज आपोआप चालणाऱ्या टेस्टला ती लावू नका, तिथे ०.१ टक्क्याची २०.५२ घ्या. मर्यादा आधीच ठरवा. चाचणी पास होईपर्यंत सीड बदलत राहणं म्हणजे चाचणी न घेणंच.

खालची मर्यादाही हवीच, आणि माझ्या मते हीच सर्वांत जास्त विसरली जाते. १, २, ३, ४, ५, ६ असं ओळीने फिरणाऱ्या काउंटरची बेरीज शून्य येते. इतकं चोख वाटप रँडम नसतं. बेरीज ०.५५ च्या खाली गेली तर संशय घ्या, कारण खऱ्या फाशाच्या बाबतीत ते शंभरात एखाद्या वेळीच घडतं.

लागोपाठच्या जोड्याही मोजा. ३६ प्रकार आहेत, ३,००० जोड्यांत प्रत्येक साधारण ८३ वेळा यावी. जमल्यास तिकड्याही बघा. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर वापरला गेलेला रँडू हा जनरेटर तिथेच उघडा पडतो: लागोपाठचे तीन आकडे घनातला बिंदू मानले, तर सगळे बिंदू फक्त १५ प्रतलांवर बसतात.

ओटीपी किंवा पासवर्ड बनवायचा असेल, तर यातली एकही चाचणी पुरत नाही. मर्सेन ट्विस्टर या जनरेटरचं वाटप उत्तम असतं, तरी त्याचे ३२ बिटांचे लागोपाठ ६२४ आकडे हाती आले की पुढचे सगळे काढता येतात. पायथॉनमध्ये अशा कामासाठी सीक्रेट्स मॉड्यूल वापरा.