ग्रेप हायसिंथचा खुंटलेला तुरा : माझा अनुभव

ग्रेप हायसिंथ, म्हणजेच मस्कारी, हे आग्नेय युरोप, तुर्कस्तान आणि कॉकेशस भागातले कंदवर्गीय झाड असून त्याची उंची साधारणपणे 15 ते 20 सेंटिमीटर भरते. नाशिकला आमच्या गच्चीवर मात्र त्याची पाने लांब वाढून कुंडीबाहेर लोळत आणि निळा तुरा जेमतेम बोटभर दांड्यावर, पानांच्या बुडाशीच अडकून राही. खत वाढवूनही त्यात फरक पडला नाही, कारण कळीचा दांडा नीट लांबण्यासाठी कंदाला आधी दीर्घकाळ थंडी मिळावी लागते आणि निफाडकडे पारा कितीही उतरला तरी आपल्याकडे दुपारी ऊन तापतेच.

म्हणून पुढच्या हंगामाचे कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात 8 ते 10 आठवडे ठेवले. त्या काळात फ्रिजमध्ये सफरचंदासारखी फळे अजिबात ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू कंदातली कळी खराब करतो. डिसेंबर लागताच वाळू मिसळलेल्या मातीत, टोक वर करून, 7 ते 8 सेंटिमीटर खोल लागवड केली आणि कुंडी सकाळचे ऊन मिळेल अशी ठेवली.

यंदा दांडे पानांच्या वर आले. जवळून पाहिले तर मडक्यासारख्या प्रत्येक निळ्या फुलाच्या तोंडाला बारीक पांढरी कड दिसते. शेंड्याकडची फिकट फुले वांझ असतात, तो रोग समजून ती खुडू नयेत. फुले सरल्यावरही पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत राहू द्यावीत, कारण पुढचा कंद त्यांच्यावरच पोसला जातो.