आईवडलांसाठी केअर सेंटर बघताय? आधी बाथरूम बघा, मग रात्रीचं रजिस्टर मागा

आत्यासाठी जागा बघायला आम्ही पुण्यात आणि आसपास सव्वा महिन्यात अकरा ठिकाणं पालथी घातली, वारजे, सिंहगड रोड, मुळशीकडं दोन, एक तळेगावला. सुरुवातीला मी येड्यासारखी बागच बघत होते, देऊळ आहे का, टीव्हीचा हॉल केवढा, आणि त्यातल्याच एका ठिकाणी आत्याला ठेवलं पण, नि अठराव्या दिवशी पहाटे ती बाथरूममध्ये पडली. कुणाला कळलं कधी, तर सहाचा चहा आला तेव्हा. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बेल होती हो, पलंगाच्या डोक्याशी होती, बाथरूममध्ये नव्हती. त्यानंतर दुसरी जागा शोधताना जे जे तपासलं ते इथं लिहून ठेवतेय.

आधी एक गैरसमज काढून टाका, की सरकार हे सगळं तपासत असेलच. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्यात सरकारनं जिल्ह्याला एक तरी वृद्धाश्रम काढावा, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा, हे आहे. पण आपण महिन्याला पैसे भरून जिथं ठेवतो त्या खाजगी सेंटर्सची नोंदणी आणि किमान दर्जा हे २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होतं, आणि ते विधेयक पास न होताच त्या लोकसभेबरोबर संपलं. त्यामुळे कागद असतात ते असे विखुरलेले. संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, स्वयंपाकघरासाठी एफएसएसएआयचा म्हणजे अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, फायरचे कागद, आणि तिथंच सलाइन, इंजेक्शनं, ऑक्सिजन असं सगळं हॉस्पिटलसारखं चालत असेल तर नर्सिंग होमची नोंदणी आहे का तेही विचारा. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट बऱ्याचदा आयएसओचं असतं, त्याच्याखाली फोटो काढायला लोकांना आवडतं, पण त्यावरून पहाटे चार वाजता कोण जागं असतं ते कळत नाही.

फायरचं एक सोपं आहे. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याप्रमाणे बिल्डिंगमधली आगीची यंत्रणा चालू आहे याचं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं, त्याला फॉर्म बी म्हणतात. ‘शेवटचा फॉर्म बी दाखवता का’ एवढंच विचारायचं, समोरच्याचा चेहरा बघितला तरी कळतं. आणि रात्री खालच्या कोलॅप्सिबल गेटला कुलूप लावतात ना, त्याची किल्ली कुणाकडे असते? एका ठिकाणी उत्तर मिळालं, मॅनेजर सरांकडे, आणि सर राहायला दोन किलोमीटरवर. विसरभोळे आजोबा बाहेर जाऊ नयेत म्हणून कुलूप लागतंच, पण किल्ली त्याच मजल्यावर जागं असणाऱ्या माणसाच्या कमरेला पाहिजे.

आता जायचं कधी. अपॉइंटमेंट घेऊन केलेली पहिली व्हिजिट म्हणजे नुसता भोज्जा. त्या दिवशी चादरी धुतलेल्या असतात, सरबत मिळतं. दुसऱ्यांदा न सांगता जा, संध्याकाळी साडेसात-आठला, जेवणं उरकून सगळ्यांना झोपवायची घाई असते तेव्हा. दारातच वास येतो का बघा, लघवीचा तर नकोच, पण फिनेलचा डोक्यात जाईल इतका येत असेल तरी मी दचकते. आणि जमलं तर गणपतीत किंवा दिवाळीत एक चक्कर मारा, कारण निम्मा स्टाफ तेव्हा गावाला गेलेला असतो आणि उरलेल्यांत ते कसं भागवतात ते उघडं दिसतं.

बाथरूम. इथं लाजू नका, सरळ आत जा, दार लावून घ्या आणि कमोडवर बसा. बसल्या जागेवरून हात लावायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा आहे का, टॉवेल अडकवायचा नव्हे हां, तो अंगाचा भार पडला की खिळ्यासकट हातात येतो. उठताना जोर लावून बघा. मग मगभर पाणी फरशीवर ओता आणि चप्पल काढून उभं राहा, पाय सरकला तर विषय संपला. बेलची दोरी जमिनीपर्यंत पाहिजे, कारण पडलेल्या माणसाला बेल लागते ती जमिनीवरून, आमच्या एका ठिकाणी दोरी होती पण साफसफाईला आड येते म्हणून गाठ मारून वर टांगलेली. कडी बाहेरून उघडता येईल अशी पाहिजे आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असेल तर उत्तम, आत माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार ढकलणार कसं.

मेजरिंग टेप घेऊन जा, खरंच. २०२४ मध्ये महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले, त्यात दार किमान ९०० मिलिमीटर रुंद म्हणजे साधारण तीन फूट धरलंय. ते बिल्डरच्या फ्लॅटसाठी आहेत, वृद्धाश्रमांना लागू नाहीत, पण आपल्या हातात एक माप तरी येतं. आपल्याकडं बाथरूमचं दार असतं अडीच फुटी, चौकट वजा जाता जेमतेम व्हीलचेअर जाते आणि ढकलणाऱ्याची बोटं चेपतात, मग ती मावशी दुसऱ्या दिवसापासून म्हणते आजी तुम्ही डायपरच लावा. चालता येणाऱ्या माणसाचं चालणं असं बंद होतं, दाराच्या चार इंचांपायी. पलंगाची उंचीही बघा, कडेला बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. वरचा मजला असेल तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का ते विचारू नका, बघा.

रात्रीची ड्युटी हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न आणि बरेच लोक तो विचारतच नाहीत. ‘तुमच्याकडे स्टाफ किती’ असं विचारलं की ते एकूण आकडा सांगतात, त्यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, माळी सगळे आले. तुम्ही विचारायचं, रात्री अकरा ते सकाळी सहा या मजल्यावर जागं कोण असतं, किती जणांमागे, त्यांच्यातलं नर्सिंग शिकलेलं कोण? एएनएम, जीएनएम असं शिक्षण असेल तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते, ती दाखवता येते. ब्युरोतून आलेल्या मावशा मामा मनानं कितीही चांगले असले तरी शुगर खाली गेलेली ओळखणं हे शिकवल्याशिवाय येत नाही. आणि कालच्या रात्रीचं ड्युटी रजिस्टर मागा, पुढच्या महिन्याचं छापील टाइमटेबल नको. एकच नाव दिवसपाळीला पण आणि रात्रपाळीला पण सापडलं तर ती बाई रात्री झोपते, आणि झोपणारच, माणूसच आहे ती. तिला पगार वेळेवर मिळतो का, सुट्टी मिळते का हेही हळूच तिलाच विचारा. जिथं दर दोन महिन्यांनी चेहरे बदलतात तिथं आजींना कुठली कूस दुखते हे कुणालाच माहीत नसतं.

रजिस्टरांवरून आठवलं. एका चकाचक ठिकाणी मी वजनाची वही मागितली, त्यांनी दिली पण. तीन आज्यांचं वजन जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही महिने ४८, आणि सगळं एकाच निळ्या पेनानं, एकाच दमात लिहिलेलं, ओळीसुद्धा सारख्या तिरक्या. सरळ पाट्या टाकल्या होत्या. खऱ्या वहीत खाडाखोड असते, चहाचा डाग असतो, वेगवेगळी अक्षरं असतात. औषधांचं पण तसंच, दुपारी चारला गेलात आणि रात्री नऊच्या गोळीसमोर सही झालेली दिसली तर तिथून निघा. गोळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या डब्यात नावासकट पाहिजेत. इन्सुलिन असेल तर फ्रिज उघडून बघा, न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, आणि ते बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, गोठलं की ते वाया.

अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर बेडसोरबद्दल, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांबद्दल, स्पष्ट विचारा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्याचा चार्ट असतो. ‘आत्ता तुमच्याकडे किती जणांना बेडसोर आहे?’ बाकीच्यांनी छे छे, आमच्याकडे एकालाही नाही असं सांगितलं, पंधरा-वीस बेडरिडन पेशंट असताना. शेवटी जिथं आत्याला ठेवलं तिथली सिस्टर म्हणाली, दोघांना आहे, एक हॉस्पिटलमधूनच घेऊन आले आणि एक आमच्याकडं झालाय, आता भरत आलाय, चार्ट बघायचाय का? मला तिथंच हायसं वाटलं. ठेवल्यावर दर भेटीत तुम्ही स्वतः माकडहाड, खुबे, टाचा बघत जा. लाल जागा दाबून बोट काढायचं, दाबलेलं पांढुरकं पडून परत लाल झालं तर ठीक, लालच राहिलं तर सुरुवात झालीय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हात लावायचा, जागा गरम किंवा टणक लागते.

जेवणाचा मेनू बोर्डावर काय लिहिलाय यापेक्षा वेळा बघा. संध्याकाळी सहाला जेवण आणि सकाळी नऊला नाश्ता म्हणजे मध्ये पंधरा तास, डायबेटिसवाल्याचं काय होणार? आणि पाण्याचा तांब्या हाताला येतो का. सारखं डायपर बदलायला नको म्हणून पाणी कमी द्यायचं असा प्रकार चालतो, कुणी कबूल करत नाही, पण तांब्या दुपारी पण काठोकाठ भरलेला आणि पलंगापासून चार फुटांवर असेल तर समजायचं ते समजा. नाकातून नळीनं भरवत असतील तर डोक्याकडची बाजू उचललेली पाहिजे, भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच. आडवं ठेवून भरवताना दिसलं तर मी तिथं थांबणार नाही.

विसरभोळेपणा, डिमेन्शिया असेल तर अजून एक विचारायचं, रात्री आजोबा उठून ओरडायला लागले तर तुम्ही काय करता? ‘काही नाही, एक गोळी देतो’ हे उत्तर मिळालं तर कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलेली आणि घरच्यांना फोन करता का हा पुढचा प्रश्न. हात पलंगाला बांधल्याच्या खुणा मनगटावर दिसतात. सीसीटीव्ही पॅसेजमध्ये असावा, पण बेडवर रोखलेला कॅमेरा आणि त्याचं फुटेज मुलांच्या मोबाइलवर, यावर आमच्या घरातच भांडण झालं, न्यू जर्सीतल्या दादाला तो हवा होता आणि आत्या म्हणाली, ‘अगं, माझं लुगडं बदलताना तिकडून बघणार का तो?’ विषय मिटला.

अ‍ॅग्रीमेंट घरी आणून वाचा, तिथं बसून सही करू नका. डिपॉझिट परत कधी आणि किती कापून, माणूस महिन्याच्या मध्ये गेलं तर उरलेल्या दिवसांचं काय, डायपर, फिजिओ, अँब्युलन्स वेगळे का. जीएसटी लावत असतील तर विचारा, कारण आयकराच्या १२एए किंवा १२एबी कलमाखाली नोंदलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम असेल तर ६० किंवा जास्त वयाच्या माणसासाठी महिन्याला २५,००० पर्यंतच्या आकाराला जीएसटी माफ आहे. आणि आजारी पडल्यावर कुठल्या हॉस्पिटलला नेणार, बरोबर कोण जाणार, तिथं बसणार कोण, हे नावानिशी लिहून घ्या. १०८ ची अँब्युलन्स फुकट येते पण पेशंटजवळ थांबायला माणूस तुमचाच लागतो. वय ७० किंवा जास्त असेल तर आयुष्मानचं कार्ड आधीच काढून ठेवा, एकदा माणूस अंथरुणावर गेलं की मग सगळी पळापळ. घर किंवा एफडी संस्थेच्या नावावर करून द्या, आजन्म सांभाळतो, अशी गोड ऑफर आली तर वकिलाला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

ठेवल्यानंतर तक्रार असेल तर आधी त्यांच्या वहीत लेखी, तारीख घालून, मोबाइलवर फोटो काढून. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकलेलंच नसतं. फरक पडला नाही तर ज्येष्ठांची १४५६७ ही एल्डरलाइन आहे, फुकट आहे, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अर्ज देता येतो, आणि पैसे भरून घेतलेली सेवा असेल तर ग्राहक आयोगही आहे. मारहाण वगैरे असेल तर थेट ११२. बऱ्याच जणांना भीती वाटते की तक्रार केली तर राग आपल्या माणसावर काढतील, ती भीती खोटी नाही, म्हणून तक्रार केल्यावर पुढचे पंधरा दिवस रोज कुणीतरी वेगवेगळ्या वेळेला जात राहा, भाऊ, भाची, शेजारीण, कुणीही.

आणि नेताना कपड्यांवर नाव शिवून द्या, मार्करनं लिहिलेलं तीन धुण्यांत जातं आणि मग आत्याचा गाऊन दुसऱ्याच आजींच्या अंगावर दिसतो. कवळी, चष्मा, कानाचं मशीन यांचे फोटो काढून एक कॉपी त्यांच्या फाइलला लावा. मशीनच्या बॅटऱ्यांचं पाकीट सिस्टरच्या हातात द्या, उशाखाली नको, आमचं तिथून दोनदा कचऱ्यात गेलं.