वारा पडल्यावर या चुका टाळा

गोव्याहून शिडाच्या छोट्या बोटीने मॉरिशसला निघालात, तर सुमारे 2,300 सागरी मैलांच्या त्या वाटेत विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा ओलांडावाच लागतो. नवशिक्यांना धास्ती असते वादळाची. माणसांच्या हातून बोटीची नासधूस मात्र मी वारा पडलेल्या दिवसांतच जास्त पाहिली आहे.

सगळ्यात आवडती चूक म्हणजे शीड लोंबलं की लगेच इंजिनाची किल्ली फिरवणं. हिशोब करा. टाकीत 200 लिटर डिझेल, इंजिन तासाला अडीच लिटर पितं, म्हणजे 80 तास. पाच नॉटच्या, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांच्या वेगाने 400 मैल. उरलेलं अंतर काय वल्हवणार? शिवाय बॅटऱ्या चार्ज करायला आणि बंदरात शिरायलाही तेच डिझेल.

एका खेपेला नवीन आलेला मुलगा भर दुपारी उकाड्याने इतका वैतागला की, मी खाली जरा आडवा झालो तेवढ्यात त्याने जिब, म्हणजे पुढचं शीड गुंडाळलं, इंजिन सुरू केलं आणि गिअर टाकला. जिबचा दोर पाण्यात लोंबत होता. तो बोटीखालच्या, तिला ढकलणाऱ्या पंख्यात गुरफटला आणि इंजिन धाडकन बंद. वारा नसला तरी लांबून येणारी लाट असतेच. बोटीची पिछाडी उचलली जायची आणि आपटायची, आणि तिच्याखाली डोकं घालून दोर कापायचा. किल्ली खिशात, कमरेला दोर, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, हातात करवतीच्या दात्यांचा चाकू. पाळीपाळीने दुपार त्यातच गेली. मुलगा नंतर दिवसभर गप्प होता, ते बरंच झालं.

म्हणून इंजिन सुरू करण्याआधी मी डेकवर एक फेरी मारतो आणि प्रत्येक दोराचं टोक हाताने चाचपतो. नुसतं बघून भागत नाही. सुरू झाल्यावर मागे वाकून एक्झॉस्टमधून थंडाव्याचं पाणी पडतंय का ते पाहतो. पडत नसेल तर तत्काळ बंद.

दुसरी चूक, ‘येईलच वारा’ म्हणत मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, तसंच ठेवणं. बोट डुलते, बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) इकडून तिकडे आदळते, शिडाची शिवण उसवते, बूमच्या सांध्यातले बोल्ट ढिले होतात. बूम दोन्ही बाजूंनी ताणून बांधा. तरीही आदळआपट थांबत नसेल तर शीड उतरवा आणि बूमवर ताडपत्री टाकून सावली करा. पुन्हा चढवायचा कंटाळा हे कारण मी ऐकून घेत नाही.

पोहायचंय? आधी शिडी सोडा, मागे तरंगता दोर सोडा, आणि एक जण बोटीवरच राहील. एकटे असाल तर बादलीने आंघोळ करा.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बटाटे उकडताना ते थोडं मिसळा, प्यायला घोटभरही नको.

उकाड्यामुळे डेकवरची सगळी झाकणं उघडी टाकून झोपू नका. काळ्या बुडाचा ढग जवळ आला की काही मिनिटांत 30 नॉटचा वारा आणि धो धो पाऊस येऊ शकतो. ढग दिसताच सगळ्यांना उठवा. शिव्या देतील, देऊ देत.